नाणेघाटांतील राणी नागनिका



संधिप्रकरणाला कंटाळलेल्या मुलांना आम्ही एक कथा सांगत असतों. अकराव्या शतकांतील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ती आहे. सातवाहन राजा जलक्रीडा करीत असतां एक राणी त्यास म्हणाली, आतां पाणी उडवूं नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधि होऊन तिच्या मुखांतून ‘मोदकैः’ असा शब्द निघाला, आणि राजानें तत्काळ मोदक आणविले! राणी हंसली. राजा इतका लज्जित झाला कीं, शर्ववर्म्याला गुरु करून तो व्याकरण शिकला. कथा गोड खरी. परंतु ती दंतकथाच.

त्याच सातवाहन कुळांतील एका राणीचें खरें वृत्त मात्र दगडावर कोरलेलें आहे. कल्याण व सोपारा या बंदरांतील माल जुन्नर व पैठणकडे ज्या वाटेनें जाई, त्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणें आहे. त्याच्या डाव्या व उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत आणि प्राकृत भाषेंत एक मोठा लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकांतील मानतात. त्यांतील राणी ती नागनिका, म्हणजेच नायनिका. ती एका महारठ्याची कन्या, श्रीसातकर्णीची पत्नी आणि वेदिश्रीची माता होय. तिनें महिनाभर उपवास केले, घरींच तपस्विनीप्रमाणें व्रतस्थ जीवन घालविलें, असें लेख सांगतो. यावरून पतिनिधनानंतर तो कोरविला गेला असावा, असें अनुमान करतात.

लेखाचा मोठा भाग यज्ञांचा व दक्षिणेचा आहे. राजसूय आणि दोन अश्वमेध झाले. गवामयन यज्ञाला 1,101 गाई दिल्या. एका ठिकाणीं 24,400 कार्षापण नाण्यांची दक्षिणा नोंदली आहे. आम्ही ख्रिस्ती असल्यानें यज्ञाच्या फलाविषयीं कांहीं बोलणार नाहीं. पण असा हिशेब दगडावर मांडणाऱ्या घराण्याचें कौतुक वाटतें. गणित आवडणाऱ्या मुलांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, हे आंकडे शून्यावांचून लिहिले आहेत. दहा, शंभर, हजार यांस तेव्हां निरनिराळीं चिन्हें होतीं.

आतां वादाचा प्रश्न. हे यज्ञ केले कोणीं? 1883 सालीं ब्यूलर या जर्मन पंडितानें या लेखाचें भाषांतर प्रसिद्ध केलें. स्त्रीला स्वतंत्रपणें वैदिक यज्ञाचा अधिकार नाहीं, म्हणून यज्ञकर्ता राजाच असला पाहिजे, असें त्याचें म्हणणें होतें. इतर कांहीं अभ्यासक तें कर्तृत्व राणीला देतात. लेखाच्या ओळी जागोजागीं झिजल्या असल्यामुळें वाद मिटत नाहीं. आमच्या मतें ब्यूलर येथें दगडापेक्षां धर्मशास्त्रावर अधिक भिस्त ठेवतो. पुढच्या काळच्या ग्रंथांतील नियम आधींच्या राणीला लावण्यापूर्वीं जरा थांबावें. उलट, अल्पवयी पुत्रासाठीं तिनें राज्य चालविलें, असें जें ठासून सांगितलें जातें, तेंही लेखांत स्पष्ट शब्दांनीं आलेलें नाहीं. आमच्या मुलींना तें वाक्य फार आवडतें, हें आम्ही जाणतों. तरी परीक्षेच्या उत्तरांत त्यापुढें ‘असावें’ हा शब्द त्यांनीं अवश्य लिहावा. निश्चित एवढेंच कीं, पिता, पति आणि पुत्र या तिघांना एकत्र गुंफणारें सूत्र त्या लेखांत तीच आहे.

लेण्याच्या मागील भिंतीशीं राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्तींची रांग होती. त्या मूर्ती आतां नष्ट झाल्या आहेत; वरचीं नांवें राहिलीं. प्रथम मूळपुरुष सिमुक सातवाहन, नंतर राजाराणी, पुढें कुमार आणि राणीचा पिता मानला जाणारा महारठी. राजाराणीसाठीं एकच संयुक्त नामलेख आहे, आणि त्यांत देवी नायनिकेचें नांव आधीं कोरलेलें असून राजा श्रीसातकर्णीचें नंतर आहे.