आधी खोली मोजा, मग प्रोजेक्टर

जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायतींची सभागृहं, वाचनालयं, गणपतीचे मंडप अशा ठिकाणी प्रोजेक्टर बसवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. लोकवर्गणीतून आणलेला प्रोजेक्टर कपाटात पडून असलेला दिसला की वाईट वाटतं. बहुतेकदा तो बिघडलेला नसतो, त्या खोलीला चालणाराच नसतो. खोक्यावरचे शब्द आधी कळले, तर गावाचा पैसा वाचेल.

१. लुमेनच्या मागे ‘एएनएसआय’ आहे का ते बघा.
लुमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो मोजायची ठरलेली रीत आहे. पडद्याचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्समीटर धरायचा, नऊ आकड्यांची सरासरी काढायची आणि पडद्याच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने तिला गुणायचं. या पद्धतीने आलेले ते एएनएसआय लुमेन. हल्ली आयएसओ लुमेनही लिहितात. स्वस्त यंत्रांवर नुसतंच ‘९००० लुमेन’ छापलेलं असतं, त्यावर विसंबून पैसे देऊ नका. खिडक्यांना पडदे नसलेल्या वर्गासाठी मी ३००० एएनएसआय लुमेनच्या खालचं यंत्र सुचवत नाही.

आणि चित्र मोठं करण्याचा मोह आवरा. रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे दर चौरस फुटाला पाव उजेड उरतो. उलट ८ फुटी चित्र ६ फुटांवर आणलं, तर त्याच यंत्राचं चित्र जवळजवळ पावणेदोन पट उजळ दिसतं.

२. कॉन्ट्रास्टचा आकडा मी वाचत नाही.
कॉन्ट्रास्ट म्हणजे पांढऱ्या आणि काळ्यातला फरक, आणि काळा रंग प्रोजेक्टरला टाकताच येत नाही. पडद्यावर काळा म्हणून जो दिसतो, तो खोलीतला उजेड असतो. आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याऐवजी खिडक्यांना जाड, गडद कापड लावा.

३. रेझोल्यूशन ‘नेटिव्ह’ किती, हेच विचारा.
इथे मराठी शाळांनी सर्वांत जास्त काटेकोर राहायला हवं. ‘फुल एचडी सपोर्टेड’ याचा अर्थ एवढाच की फुल एचडी चित्र यंत्र आत घेईल. टाकताना मात्र स्वतःजवळ असतील तेवढ्याच ठिपक्यांत टाकेल. ते खरे ठिपके म्हणजे नेटिव्ह रेझोल्यूशन : ८०० × ६००, १०२४ × ७६८, १२८० × ८०० किंवा १९२० × १०८०. पुस्तकाचं अख्खं पान ८०० ठिपक्यांच्या रुंदीत बसवलं आणि ओळीत साठेक अक्षरं असली, तर एका अक्षराच्या वाट्याला जेमतेम १३ ठिपके येतात. रोमन अक्षर त्यातही ओळखू येतं. आपल्या अक्षराला डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार हवा. नुकतं वाचायला शिकणाऱ्या मुलाला शेवटच्या बाकावरून अनुस्वार दिसला नाही, तर ते अंदाजाने वाचायला लागतं. हे मला फार गंभीर वाटतं.

म्हणून खरेदीच्या वेळी सिनेमाचा तुकडा बघत बसू नका. पाठ्यपुस्तकाचं पान लावा, त्यात ‘वर्षं’, ‘मूर्ती’, ‘वृद्धी’ असे शब्द शोधा आणि मागच्या भिंतीला पाठ टेकून वाचा. वर्गासाठी किमान १२८० × ८००, जमलं तर १९२० × १०८०. लॅपटॉपचं रेझोल्यूशनही प्रोजेक्टरच्या नेटिव्ह आकड्याला जुळवा, नाहीतर चांगल्या यंत्रावरही अक्षरं भुरकट येतात.

४. थ्रो रेशो म्हणजे अंतर भागिले रुंदी.
टेप घेऊन करायचा हा हिशेब आहे. रेशो १.५ असेल आणि चित्र ७ फूट रुंद हवं असेल, तर यंत्र साडेदहा फुटांवर जातं, म्हणजे मुलांच्या मधोमध. शिक्षक फळ्यापाशी गेले की त्यांची सावली चित्रावर आणि झोत डोळ्यांत. ०.५ रेशोचं शॉर्ट थ्रो यंत्र तेच चित्र साडेतीन फुटांवरून देतं. लहान वर्गासाठी थोडे जास्त पैसे घालून मी हेच घ्यायला सांगतो.

५. कीस्टोन ही शेवटची सोय.
यंत्र खाली ठेवून तोंड वर केलं की चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. कीस्टोनचं बटण ते सरळ करतं, पण त्यासाठी कडेचे ठिपके विझवतं आणि उरलेल्यांत चित्र कोंबतं. पुन्हा मार बसतो तो अक्षरांनाच. त्यापेक्षा स्टूल बदला, यंत्र पडद्यासमोर सरळ करा. लेन्स शिफ्ट असेल तर उत्तम, कारण त्यात भिंगच सरकतं आणि सगळे ठिपके कामाला राहतात.

६. डीएलपी की एलसीडी?
डीएलपीमध्ये एका चिपवर लाखो सूक्ष्म आरसे हलत असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी ती चिप १९८७ मध्ये तयार केली. एका चिपच्या यंत्रात रंग एकामागोमाग पडतात, त्यामुळे काहींना नजर फिरवताना इंद्रधनुष्यासारख्या रेघा दिसतात. तीन पॅनेलच्या एलसीडीत लाल, हिरवा, निळा एकदम पडतात. नकाशे आणि चित्रं त्यावर जास्त खुलतात. मात्र धुळीच्या रस्त्यालगतच्या शाळेत एलसीडीचा फिल्टर नियमित झाडायला कुणीतरी नेमलेलं हवं. ती खात्री नसेल तर डीएलपी बरा.

७. वीज आणि दिवा.
दिव्याचं आयुष्य ४००० तास लिहिलं असेल, तर तेवढ्या वापरात उजेड सुमारे निम्म्यावर येतो असा त्याचा अर्थ. एलईडी किंवा लेझरची यंत्रं साधारण २०,००० तासांची असतात. जिथे वीज वारंवार जाते, तिथे माझा कौल त्यांनाच. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली की पंखाही थांबतो, तापलेला दिवा आत तसाच भाजत राहतो आणि वीज आल्यावर लगेच पेटत नाही. असं यंत्र शाळेत आधीच असेल, तर त्याला इन्व्हर्टरवर घ्या, आणि तास संपल्यावर पंखा आपोआप थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नका.