सौर वीजसंच : वायरजोडणीतील सुरक्षितता

वीजवाहिनीपासून दूर असलेल्या वाडीवर किंवा शेतघरावर सौर संच बसविताना ग्राहकाचे लक्ष प्रामुख्याने पॅनेलचे वॅट आणि बॅटरीची हमी यांकडे असते. वायर, फ्यूज व स्विच यांची बोळवण दरपत्रकात ‘इतर साहित्य’ या एका ओळीत होते. संचाची सुरक्षितता मात्र बव्हंशी याच ओळीवर अवलंबून असते.

बारा व्होल्टचा संच निर्धोक, हा समज अर्धाच खरा आहे. इतक्या कमी दाबाचा कोरड्या हाताला सहसा धक्का बसत नाही. आग मात्र लागू शकते. १०० वॅटच्या उपकरणाला २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो; १२ व्होल्टवर तोच ८ अँपिअरहून अधिक होतो. असे उपकरण बॅटरीपासून १० मीटरवर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने जोडल्यास जाता-येता २० मीटर लांबी भरते आणि सुमारे सव्वा व्होल्ट, म्हणजे एक दशांश दाब, वाटेतच खर्ची पडतो. म्हणून वायर जाड व अंतर कमी हवे.

शॉर्ट सर्किट झाल्यास बॅटरी क्षणार्धात शेकडो अँपिअर प्रवाह सोडू शकते. यासाठी फ्यूज बॅटरीच्या धन अग्रालगतच बसवावा. तो वायरच्या रक्षणासाठी असल्याने वायरच्या क्षमतेहून मोठा नसावा. उडालेल्या फ्यूजला तांब्याची तार गुंडाळण्याची आपल्याकडील जुनी सवय येथे घातकच.

घरातील नेहमीचा एमसीबी बॅटरीच्या बाजूस वापरणेही अयोग्य. घरगुती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विचमधील ठिणगी विझण्यास मदत होते. बॅटरीचा एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगी जळत राहते. खरेदी करताना ‘डीसी’ हे चिन्ह व व्होल्टचा आकडा पाहावा.

भारतीय मानक ब्यूरोची आय.एस. ७३२ व आय.एस. ३०४३ ही मानके अनुक्रमे वायरिंग व अर्थिंग यांसंबंधी आहेत. कर्जासाठी दरपत्रक सादर करण्यापूर्वी विक्रेत्याकडून त्यात या मानकांसह वायरचा आकार व फ्यूजची क्षमता लिहून घ्यावी.

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना ज्वलनशील हायड्रोजन वायू सोडते. ती हवेशीर जागी, देवघरातील समई व चुलीपासून दूर ठेवावी. चार्ज कंट्रोलरला सहसा आधी बॅटरी व नंतर पॅनेल जोडतात. काढताना क्रम उलट. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या टोकांवर वीज असतेच, त्यामुळे दुरुस्तीपूर्वी पॅनेलचा स्विच बंद करून त्यावर जाड कापड टाकावे.