आसियानचा विस्तार आणि समतेचा व्यवहार

सभासद देशांनी परस्परांच्या मालावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उठवावे, हे मुक्त व्यापार कराराचे सार होय. आग्नेय आशियातील पाच देशांनी १९६७ साली स्थापन केलेल्या आसियान संघात १९८४ मध्ये ब्रुनेई आला आणि या सहा देशांनी १९९२ साली असा करार केला. पुढे व्हिएतनाम (१९९५), लाओस व म्यानमार (१९९७) आणि कंबोडिया (१९९९) संघात आले. हे चौघे आर्थिकदृष्ट्या मागे होते. सर्वांना एकच मुदत दिली असती, तर त्यांच्या नवोदित उद्योगांना शेजाऱ्यांच्या मालापुढे टिकणे अवघड झाले असते. म्हणून जुन्या सहांनी २०१० पर्यंत बहुतेक शुल्क शून्यावर आणले. नव्या चौघांना २०१५ पर्यंत, काही वस्तूंसाठी २०१८ पर्यंत अवधी मिळाला. ध्येय एकच राहिले, मुदत मात्र परिस्थितीनुसार ठरली.

विषमतेतून आलेल्यांना सारखेच नियम लावल्याने समता येत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. आपल्या हक्काला कोणी मेहेरबानी म्हणेल, तेव्हा आपण हे उदाहरण सांगावे. आणि मिळालेला अवधी अभ्यासाने सार्थकी लावावा.