घारापुरी

बदलापूरजवळ चामटोली नावाचे एक गाव आहे. तेथील मुलांना डोंगर, ओढे आणि भाताची खाचरे यांचा सहवास जन्मापासूनचा. समुद्र मात्र त्यांतील पुष्कळांनी चित्रातच पाहिलेला. म्हणून हिवाळ्यातील एका रविवारी शाळेची सहल घारापुरी बेटावर न्यावयाचे ठरले, तेव्हा मुलांच्या आनंदास पारावार उरला नाही.

पहाटेच्या गाडीने मंडळी बदलापूरहून निघाली. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण ही परिचित स्थानके मागे पडली, आणि उन्हे वर येण्याच्या सुमारास सर्वजण मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियापाशी येऊन पोहोचले. ही भव्य कमान 1924 साली खुली झाली. तिच्या पायथ्याशी लाटा आदळत होत्या व लाँची डोलत उभ्या होत्या. लाँचीत बसताच गुरुजींनी प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट चढविले. जाकिटे घालून सारे फुगलेल्या बेडकांसारखे दिसू लागले, तेव्हा काही मुले हसली. पण गुरुजी हसले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये याच मार्गावर प्रवाशांच्या लाँचीवर एक वेगवान बोट आदळली होती आणि अनेकांना प्राणास मुकावे लागले होते. ती हकिकत ऐकताच मुलांनी निमूटपणे जाकिटाचे पट्टे घट्ट केले.

मुंबईपासून घारापुरी सुमारे दहा किलोमीटर दूर. हे अंतर तोडावयास लाँचीला तासभर लागतो. परंतु तो तास कसा सरला हे कोणालाच कळले नाही. पांढरेशुभ्र कुरव पक्षी लाँचीभोवती घिरट्या घालीत होते. हिवाळ्यात ते दूरदेशाहून येथे येतात. एका बाजूस आरमाराच्या करड्या रंगाच्या नौका, पुढे जवाहर द्वीपावरील तेलाच्या प्रचंड टाक्या, आणि त्यांच्याही पलीकडे न्हावाशेवा बंदरातील उंचच उंच याऱ्या दिसत होत्या. हळूहळू दोन टेकड्यांचे एक हिरवेगार बेट समोर मोठे होऊ लागले. त्याच्या काठाने तिवरांची दाट झाडी होती. ओहोटी लागली होती; त्यामुळे झाडांची मुळे उघडी पडली होती व चिखलात खेकडे लगबगीने धावत होते. धक्का एवढा लांब का बांधला आहे, हे तो विस्तीर्ण चिखल पाहून मुलांच्या आपोआप ध्यानी आले.

बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्या आहेत. राजबंदरच्या बाजूला पूर्वी एक अखंड पाषाणाचा मोठा हत्ती उभा होता. 1534 साली हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्यांनी त्या हत्तीवरून बेटाचे नाव एलिफंटा असे ठेवले. पुढे 1864 साली इंग्रजांनी हा हत्ती विलायतेस नेण्याचा घाट घातला. उचलताना तो खाली कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्यास, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ज्याच्यावरून बेटाला नाव मिळाले, तोच बेटावर नाही, याचे मुलांना मोठे नवल वाटले.

पायऱ्यांची चढण सुरू झाली. दुतर्फा माळांची, टोप्यांची आणि खाऊची दुकाने होती. एका माकडाने एका मुलाच्या हातची बोरांची पुडी अशा चपळाईने पळविली, की तो नुसता बघतच राहिला.

लेण्यात पाऊल टाकताच मात्र सर्वांचा गलबला थांबला. बाहेर लख्ख ऊन, आत शीतल अंधार! डोळे सरावल्यावर खांबांच्या रांगा दिसू लागल्या. त्यांचे माथे दाबलेल्या उशीसारखे गोल व फुगीर आहेत. दगडावर दगड रचून हे बांधलेले नाही; डोंगराचा काळा खडक आत आत पोखरीत नेऊन कारागिरांनी हे मंदिर मोकळे केले आहे. बांधकामात चुकीचा दगड काढून दुसरा बसविता येतो. येथे छिन्नीचा एक घाव चुकला, तर तो कायमचाच चुकला!

दक्षिणेकडील भिंतीत सदाशिवाची मूर्ती आहे. ती सुमारे तीन पुरुष उंच असून तिला तीन मुखे दिसतात. ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची ही त्रिमूर्ती होय, असे पुष्कळ लोक समजतात; पण हा समज बरोबर नाही. ही तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. मधले मुख ध्यानमग्न व शांत आहे. पाहणाऱ्याच्या डावीकडचे मुख उग्र, मिशा असलेले. त्याच्याजवळ सर्प आहे. उजवीकडचे मुख स्त्रीसारखे कोमल असून हाती कमळ आहे. मुले मूर्तीसमोर बसली. बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्यानंतर अर्धनारीश्वर, गंगावतरण, शिवपार्वतीचा विवाह, कैलास हलविणारा रावण अशी शिल्पे पाहून मंडळी नटराजापाशी आली. त्याचे हातपाय तुटलेले आहेत. तरीही त्या देहाची गिरकी इतकी जिवंत आहे, की नृत्य अजून थांबलेले नाही असे वाटते.

“गुरुजी, हे सारे कोणी कोरले?” एका मुलीने विचारले.

“कारागिरांची नावे कोणासच ठाऊक नाहीत,” गुरुजी म्हणाले. “कोणत्या राजाने हे काम करविले, तेही निश्चित सांगता येत नाही. कलचुरी वंशातील कृष्णराजाची नाणी या बेटावर सापडली, शिल्पांची घडणही त्या काळाशी जुळते. म्हणून हे काम सहाव्या शतकातले असावे, असा विद्वानांचा तर्क आहे.”

“पण आपल्या अंबरनाथचे देऊळ कधीचे, ते तर तुम्ही नक्की सांगितले होते!”

“सांगितले होते खरे. शके 982, म्हणजे इसवी सन 1060. ते सांगता आले, कारण त्या देवळात शिलालेख सापडला. त्यात शिलाहार राजा मांवाणी याचे नावही आहे. येथेही असाच एक लेख होता. दियोगो दो कौतो या पोर्तुगीज इतिहासकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले आहे, की तो दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. तेथे तो कोणास वाचता आला नाही. पुढे तो दगड हरवला.”

“म्हणजे उत्तर लिहिलेले होते आणि तेच हरवले?” मुलगी म्हणाली.

गुरुजींनी नुसती मान हलविली.

मागे उभ्या असलेल्या एका मुलाच्या हातात वाटेत सापडलेला खिळा होता. जवळच्या खांबावर कोणीतरी आपले नाव ओरखडले होते, आणि त्याखाली जागा मोकळी होती. मुलाने ते नाव वाचले, एकदा नटराजाकडे पाहिले आणि खिळा खिशात टाकला.

दुपारी चिंचेच्या सावलीत भाकरी, चटणी आणि तळलेले बोंबील असा बेत झाला. टेकडीच्या माथ्यावरील जुन्या तोफा पाहून होईतो परतण्याची वेळ झाली, कारण पाहुण्यांना बेटावर रात्री राहता येत नाही. उतरताना, काकड्या विकणाऱ्या एका आजीबाईंना एका मुलाने विचारले, “आजी, रात्री इथे अंधार नसतो का हो?”

“पूर्वी असायचा रे बाळा,” आजीबाई म्हणाल्या. “समोर मुंबई झगमगायची आन् आमी कंदील लावून बसायचो. आता समुद्राखालून तार आलीया.”

ती तार 2018 साली आली. देशाला स्वातंत्र्य मिळून सत्तर वर्षे होऊन गेल्यावर, आणि या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाल्यावर तब्बल एकतीस वर्षांनी! पाहावयास येणाऱ्यांची दृष्टी लेण्यांकडे असते. पायथ्याशी माणसे राहतात, याची आठवण फारच उशिरा झाली.

लाँच धक्क्यावरून सुटली. सूर्य मुंबईच्या इमारतींमागे उतरत होता. बेटाची टेकडी काळी पडत चालली, आणि मग तिच्या पायथ्याशी एक दिवा लागला, दुसरा लागला, पाहता पाहता शेतबंदरच्या दिव्यांची ओळ उजळली. मुले ते दिवे मोजू लागली.