पांढरे डाग घासून जात नाहीत

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी या भागांतल्या कित्येक गावांच्या खडकातच फ्लोराइड आहे. बोअर खोल गेली की ते पाण्यात उतरतं. मी अशाच पाण्यावर वाढले. दुधाचे दात पडले आणि कायमचे आले ते खडूसारख्या पांढऱ्या रेघा, ठिपके घेऊनच. पुढे त्यांतले काही तपकिरी झाले.

मग उपाय सुरू झाले. आजी लिंबू-मीठ लावायची, शेजारची काकू खायचा सोडा सांगायची, कुणी कोळशाची पूड आणून द्यायचं. लग्नाचं वय झालं तसं घासणं आणखी वाढलं, कारण बघायला येणाऱ्यांना वाटायचं, पोरगी गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, लावते. डाग जिथल्या तिथे राहिले. दातांवरचं कवच, म्हणजे इनॅमल, तेवढं झिजलं. आज थंड पाण्याचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात जाते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींच्या घरी हेच चाललं होतं, आणि गावोगाव अजूनही चालू आहे, म्हणून हे लिहिते आहे.

हा डाग म्हणजे वर बसलेला मळ नव्हे. कायमच्या दातांचं इनॅमल हिरडीच्या आत, साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतं. त्या काळात पोटात जास्त फ्लोराइड गेलं की इनॅमलमध्ये बारीक छिद्रं राहतात आणि तेवढा भाग पांढरट दिसतो. घासून तो जाणार कसा?

अर्थात प्रत्येक पांढरा डाग फ्लोराइडचाच असतो असं नाही. फ्लोराइडचे डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे उमटतात. हिरडीलगत किंवा तारा लावलेल्या दातांवर ब्रॅकेटभोवती खरखरीत पांढरा पट्टा दिसला, तर ती किडीची सुरुवात समजा. गोड खाणं आणि नीट न घासणं यांमुळे तिथलं कॅल्शियम निघून जातं. ही कीड इथेच थांबवता येते: फ्लोराइडची पेस्ट, डॉक्टरांकडून फ्लोराइडचा लेप, आणि येताजाता गोड खाणं बंद. एकाच दातावर ठिपका असेल, तर लहानपणी दुधाच्या दाताला लागलेला मार आठवून पाहा. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्यांचे दात सकाळी कोरडे पडून पांढरट दिसतात. ते थोड्या वेळात पूर्ववत होतात.

म्हणून आधी कारण ओळखून घ्या, तेही दंतवैद्याकडून. फ्लोराइडचे हलके डाग त्यांना वरचा अगदी पातळ थर मोजून काढून किंवा छिद्रांत रेझिन भरून बरेच फिके करता येतात. गडद डागांवर दाताच्या रंगाचा लेप चढवतात. ब्लीचिंगची घाई करू नका. सुरुवातीला डाग उलट जास्तच उठून दिसतो.

माझा खरा जीव अडकलाय तो लहान मुलांत. त्यांचे दात अजून घडताहेत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासता येतं. ग्रामपंचायतीकडे अहवाल मागा, नसेल तर तपासणीचा आग्रह धरा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. अंदाजाने तुरटी फिरवूनही भागत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेच्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना पाणी तपासून, मापाने घालतात. घरी आरओ चालतो, आणि नीट साठवलेलं पावसाचं पाणी तर उत्तमच.

पेस्टमधलं फ्लोराइडही पोटात जाऊ नये, म्हणून तीन वर्षांखालच्या मुलाला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवायचं. आंघोळ, धुणीभांडी बोअरच्या पाण्यावर खुशाल करा. पिणं, स्वयंपाक आणि बाळाच्या पावडरच्या दुधासाठी मात्र दुसरं पाणी आणा.