वाकलेला खांब वेळेत ओळखणारं काम

मुलुंड चेकनाका ओलांडून माजिवड्यावरून भिवंडीची वाट धरली, की काशेळी-काल्हेरपासूनच गोदामं सुरू होतात आणि दापोडे, माणकोलीपर्यंत संपत नाहीत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात बंद झाली आणि प्रत्येक राज्यात वेगळं लहान गोदाम ठेवायची कंपन्यांची गरज कमी झाली. एकाच ठिकाणी मोठं आणि उंच गोदाम बांधणं परवडू लागलं. अंधेरी-बोरिवलीच्या घरात आज मागवलेली वस्तू उद्या येते, ती बऱ्याचदा याच पट्ट्यातल्या एखाद्या रॅकवरून उतरलेली असते.

हे रॅक सुरक्षित आहेत की नाहीत, हे तपासणं हे एक स्वतंत्र काम आहे. आमच्याकडे दहावी-बारावीनंतर सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांपैकी क्वचितच कुणी या कामाचं नाव ऐकलेलं असतं. ऐकल्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "म्हणजे गोदामात नोकरी? त्यासाठी का शिकवलं एवढं?" म्हणून आधी काम समजून घेऊ, मग त्याची वाट.

रॅकचा उभा खांब, ज्याला कामावर सगळे 'अपराइट'च म्हणतात, तो साधारण दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा पत्रा वाकवून केलेला असतो. त्याची ताकद पत्र्याच्या जाडीपेक्षा त्याला दिलेल्या आकारात जास्त असते. म्हणून फोर्कलिफ्टचा मार बसून आकार बिघडला, की वरून धडधाकट दिसणारा खांब आतून कमजोर होतो. एका पॅलेटचं वजन टनाच्या आसपास जातं, खांबांमधल्या आडव्या बीमच्या एका जोडीवर दोन-तीन पॅलेट असतात आणि वर असे चार-पाच मजले. हा सगळा भार त्या पत्र्यावर उभा असतो.

तपासनीस काय करतो? एक मीटर लांबीची सरळ धातूची पट्टी खांबाला अशी टेकवतो, की पोचा पट्टीच्या मधोमध यावा. मग पट्टी आणि खांब यांच्यातली फट मोजतो. युरोपातल्या ईएन 15635 या मानकाप्रमाणे खांब रॅकच्या खोलीच्या दिशेने, म्हणजे समोरून मार बसून आत वाकला असेल, तर 3 मिलिमीटरपर्यंतची फट चालते. बीमच्या दिशेने, म्हणजे बाजूला वाकला असेल, तर 5 मिलिमीटर. दोन खांबांना जोडणाऱ्या तिरक्या-आडव्या पट्ट्यांना, म्हणजे ब्रेसिंगला, 10 मिलिमीटर. फट मर्यादेत असेल तर हिरवा शेरा, लक्ष ठेवा. मर्यादेच्या पुढे पण दुपटीच्या आत असेल तर नारिंगी: आहे तो माल निघाला की नवा चढवायचा नाही, आणि चार आठवड्यांत दुरुस्ती झाली नाही तर तो लाल धरायचा. दुपटीच्या पुढे थेट लाल, म्हणजे माल ताबडतोब खाली. तीन मिलिमीटर डोळ्यांनी अंदाजे सांगता येत नाहीत. मोजावेच लागतात.

याशिवाय खांब ओळंब्यात आहे का, बेसप्लेटचे अँकर बोल्ट जागेवर आहेत का, बीमच्या टोकाची सेफ्टी पिन लावलेली आहे का, हे पाहायचं. सगळ्यात फसवी गोष्ट मात्र मोडलेली नसतेच. उंच माल आला म्हणून कुणीतरी खालचा बीम काढून वर लावतो. दिसायला सगळं नीट. पण त्यामुळे खांबाची आधाराविना राहिलेली लांबी वाढते आणि डिप्लोमाच्या पुस्तकातलं ऑयलरचं सूत्र सांगतं, की ती लांबी दुप्पट झाली तर सडपातळ खांबाची वाकण्याआधी भार पेलायची ताकद पावपट उरते. प्रत्यक्ष रॅकचा हिशोब जास्त गुंतागुंतीचा असतो, पण दिशा हीच. म्हणून रॅकवर लावलेली भाराची पाटी बीम हलवला की खोटी ठरते. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स हा विषय केवळ पास होण्यापुरता करणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

दुर्लक्ष झालं तर काय होतं? मे 2016 मध्ये इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात, हिन्स्टॉक गावच्या गोदामात एकामागोमाग एक रॅक कोसळले आणि फोर्कलिफ्टचालक चीजच्या ढिगाखाली सुमारे आठ तास अडकला. तो सुदैवाने वाचला. ऑक्टोबर 2020 मध्ये ब्राझीलच्या साओ लुईस शहरात सुपरमार्केटमधले रॅक असेच आडवे झाले, त्यात एक तरुण कर्मचारी दगावली. आपल्याकडे 29 एप्रिल 2023 ला भिवंडीजवळ वळपाड्यात, खाली गोदाम असलेली इमारत कोसळून आठ जण गेले. ती दुर्घटना इमारतीची होती, रॅकची नव्हे. पण वर भार किती चढवला आणि खालचा आधार तो पेलू शकतो का, हे वेळेत विचारणारा माणूस दोन्हीकडे लागतो. गोदामात माल उतरवणारा माथाडी, पॅलेट ओढणारा मुलगा, बारकोड मारणारी मुलगी हे सगळे त्या रॅकखालीच दिवस काढतात.

आता वाट. आपल्याकडे 'रॅक इन्स्पेक्टर' नावाची पदवी नाही आणि त्याचा सरकारी परवानाही नाही. त्यामुळे कुणी बारावीनंतर सहा महिन्यांत असा शिक्का देतो म्हणून मोठी फी मागत असेल, तर पालकांनी तिथून उठावं. या कामाकडे पाया पक्का करून, मजल-दरमजलच जाता येतं.

दहावीनंतर मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवलीच्या शासकीय आयटीआयमध्ये दोन वर्षांचा फिटर ट्रेड ही माझ्या मते उत्तम सुरुवात आहे. हाताला लोखंडाची ओळख होते, मोजमापाची शिस्त लागते. गणित बरं असेल तर तीन वर्षांचा मेकॅनिकल किंवा सिव्हिल डिप्लोमा: वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन, पार्ल्याचं भगुभाई मफतलाल, माटुंग्याचं व्हीजेटीआय. आयटीआय केलेल्यांनाही पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, हे अनेक पालकांना माहीत नसतं आणि मूल आयटीआयला गेलं म्हणजे दार बंद झालं असं ते धरून चालतात. दार बंद होत नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षं रॅक उभारणीच्या कामावर काढावीत. विक्रोळीची गोदरेज, अंधेरीत मुख्य कार्यालय असलेली नीलकमल अशा कंपन्या हे रॅक बनवतात. ते बसवण्याचं काम करणारे ठेकेदारही असतात. ज्याने स्वतः शंभर बीम चढवलेत, त्याला चुकीचा लागलेला एक बीम लांबूनही दिसतो.

मग सुरक्षेचं शिक्षण. शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, घाटकोपरहून तिसरं स्टेशन. तिथे औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची प्रगत पदविका मिळते. तिला अभियांत्रिकीचं शिक्षण आणि कामाचा अनुभव दोन्ही लागतात, नेमकी अट त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी. 1966 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय सीबीडी बेलापूरला आहे, तिथेही अभ्यासक्रम चालतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर 250 पासूनच, सुरक्षा अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. म्हणजे ही पदविका केवळ रॅकपुरती उपयोगी नाही. कामगारांची भाषा येणं ही या पदाची जुनी अट आहे. मराठी-हिंदी सहज बोलणाऱ्या आपल्या मुलांनी ही ताकद कमी लेखू नये. नेबॉशसारखी परदेशी प्रमाणपत्रं आखातात जायचं ठरलं तर घ्यावीत, कर्ज काढून आधीच नकोत.

पगाराचं विचाराल, तर सुरुवातीला तो फिटरचा किंवा ज्युनिअर इंजिनिअरचा असतो तेवढाच. फरक पडतो सात-आठ वर्षांनी, जेव्हा अहवालाखाली तुमची सही मागितली जाते. मानक सांगतं, की तज्ज्ञाकडून पाहणी 12 महिन्यांच्या आत एकदा तरी व्हायला हवी, त्यामुळे एकदा जोडलेलं गोदाम दर वर्षी पुन्हा बोलावतं.

उंचीची भीती वाटणाऱ्या आयांना सांगतो, की फोर्कलिफ्टचा मार खालच्या भागातच जास्त बसतो आणि बहुतेक पाहणी जमिनीवर उभं राहूनच होते. मुलींनी हे काम करू नये असं त्यात काहीही नाही. प्रवासाची तयारी मात्र हवी. बोरिवलीहून घोडबंदर रोडने किंवा घाटकोपरहून ठाण्यापर्यंत लोकलने आणि पुढे रस्त्याने, हे सोसावं लागतं.

खरी कसोटी वेगळीच आहे. दिवाळीच्या तोंडावर गोदाम गच्च भरलेलं असतं, बाहेर ट्रकांची रांग, आणि तुमच्या मुलाला व्यवस्थापकाला सांगायचं असतं, "साहेब, रॅकचा हा भाग रिकामा करा." व्यवस्थापक म्हणणार, वेल्डर बोलावून ठोकून सरळ करू, वर रंग मारू. उत्पादकाच्या मान्यतेशिवाय वाकलेला खांब ठोकून किंवा तापवून सरळ करायचा नसतो, तो बदलायचा असतो. हे वयाने मोठ्या माणसासमोर, आवाज न चढवता आणि मागे न हटता सांगता यायला हवं. तुमचं मूल बारकाईने पाहतं का, लिहिलेलं नीट ठेवतं का, चुकीच्या गोष्टीला नाही म्हणतं का, हे घरात तुम्हाला दिसतंच. तसं असेल तर टक्क्यांची फार काळजी करू नका.

आयटीआय आणि डिप्लोमाचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात आणि मुदत लवकर संपते. निकाल लागला की लगेच अर्ज भरा, आणि आयटीआयच्या पसंतीक्रमात फिटर वरच्या नंबरला ठेवा.