उबेचे गणित

हिमाचल प्रदेशातील शिमला हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर वसले आहे. माझे धाकटे बंधू नोकरीनिमित्त तेथे राहत असत. एका जानेवारीत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा घरात विजेचे हीटर घेण्याचा विचार चालला होता.

पुतण्या म्हणाला, “बाबा, बैठकीची खोली सर्वांत मोठी. मोठा हीटर तेथे ठेवू. आजीच्या लहानशा खोलीला लहान पुरे!”

आमच्या आई म्हणाल्या, “मला कशाला हीटर? कोळशाची शेगडी पेटवीन आणि दार लावून घेईन.”

बंधू गंभीर झाले. “नको, आई! बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणसाचा प्राण जातो.” मग ते मुलास म्हणाले, “चल, आधी खोल्या मोजू.”

मुलांनो, गळक्या घागरीतून पाणी जावे, तशी खोलीतील ऊब भिंती, खिडक्या आणि छप्पर यांतून बाहेर जाते. जेवढी गळती, तेवढीच भर हीटरने घालावयाची असते. हीटरची शक्ती वॅटमध्ये मोजतात. थंड प्रदेशात दर चौरस मीटरला १०० वॅट, असा ढोबळ हिशेब धरतात.

बैठकीची खोली ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद, म्हणजे २० चौरस मीटर. हिशेबाने २,००० वॅट झाले. परंतु तिच्या तीन बाजूंना घरातल्याच खोल्या होत्या आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येई. म्हणून बंधूंनी अंदाजाने ५०० वॅट कमी केले.

आजीची खोली ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद. तिला १,२०० वॅट हवे होते. पण तिच्या दोन भिंती बाहेरच्या, खिडकी मोठी आणि तीही उत्तरेला! बंधूंनी ३०० वॅट वाढविले.

दोन्ही उत्तरे १,५०० वॅट! पुतण्या वहीकडे पाहतच राहिला.

“असा हीटर दोन तास चालला, तर ३ युनिट वीज लागते,” बंधू म्हणाले. “म्हणून खिडकीच्या फटी बुजवू, जाड पडदे लावू. आणि साध्या प्लगला हा भार सोसणार नाही. १६ अँपिअरचाच हवा.”

संध्याकाळी हीटर आले. पहिला हीटर पुतण्याने स्वतः उचलून आजीच्या खोलीत नेऊन ठेवला.

स्वाध्याय

१. दोन्ही खोल्यांना सारख्याच शक्तीचा हीटर का लागला?
२. बंद खोलीत कोळशाची शेगडी का पेटवू नये?
३. तुमच्या घरातील सर्वांत थंड खोली कोणती? तिची कारणे शोधून पाच वाक्ये लिहा.